चूल बरोबर नेऊ

माझ्या सासऱ्यांना आमच्या गल्लीत खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांसाठी ते ‘ओळंबा’. जन्मभर गवंडीकाम केलं. भिंत सरळ उठते आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तोच हा ओळंबा. दुसऱ्या कुणाला असं नाव पडलं असतं तर त्याने भांडण उकरून काढलं असतं. आमच्या सासऱ्यांची मान उलट ताठ होते. काम सोडलं, पण ती दोरी आणि पाणसळ, म्हणजे मधोमध बुडबुडा असलेली पट्टी, अजून त्यांच्या पलंगाच्या उशाशी असते.

कुणाकडे गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचं आणि मग खुर्चीत बसायचं, ही त्यांची रीत. एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून म्हणाले, “मोठा श्वास घ्या.” हे म्हणाले, “घेतो, पण तुमची चौकट उजवीकडे झुकली आहे.” माझं लग्न ठरवायला आमच्या घरी आले, तेव्हाही माझ्याकडे कमी आणि माझ्या वडिलांनी हौसेने बांधलेल्या कंपाउंडच्या भिंतीकडे जास्त बघत होते. मी पसंत पडले. भिंत पडली नाही. ते त्यांनी वडिलांना तिथल्या तिथे सांगितलंसुद्धा.

सासूबाई या माणसाबरोबर बांधकामांवरच्या खोल्यांत राहिल्या. लोकांचं घर उभं राहीपर्यंत शेजारी पत्र्याची एक खोली, आणि घर झालं की बाडबिस्तरा उचलून पुढच्या कामावर. माझ्या नवऱ्याने हे घर घेतलं तेव्हा कुठे त्यांची ट्रंक एका जागी टेकली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ बाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी सकाळी बेकरीची गाडी चालवते, दुकानांना ब्रेड पोचवते आणि दुपारी घरी येऊन या दोघांची भांडणं सोडवते. दुसरं काम जास्त कठीण आहे.

मागे सासूबाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. निभावलं, पण तेव्हापासून खायचं ते थोडं थोडं, मऊ, ताजं आणि गरम, तेही दिवसातून अनेक वेळा. बाहेरचं पोटात गेलं की बाई आडवी झालीच म्हणून समजा. घरात काही अडत नव्हतं. अडत होतं ते त्यांच्या बहिणीपाशी.

ही थोरली बहीण लांब, डोंगरातल्या एका गावात राहते. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच सासूबाईंना न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, धपाटेही घातले. आता तिचे गुडघे गेले आहेत, तिला प्रवास होत नाही. ऐकूही कमी येतं, त्यामुळे फोनवर नुसती आरडाओरड. “जेवलीस का?” “हो, जेवले.” एवढ्यावर फोन संपायचा आणि सासूबाई तो बराच वेळ हातात धरून बसायच्या. मागे एकदा थर्मासमध्ये मऊ भात भरून आम्ही बसने निघालो होतो. अर्ध्या वाटेत त्यांच्या पोटात इतकं दुखायला लागलं की पुढच्याच स्टँडवर उतरून परत फिरलो. त्यानंतर त्या कपड्यांच्या घड्या घालताना मध्येच म्हणायच्या, “एकदा ताईला बघायचं होतं.” बघायचंय म्हणत नसत, होतं म्हणत. मला ते ऐकवत नसे.

एक दिवस मी कामावरून आले तर अंगणात एक कॅरव्हॅन उभी. मोटारीच्या मागे जोडून न्यायची, चाकांवरची खोली. जुनी, रंग उडालेली, खिडकीला कुणाचे तरी फुलाफुलांचे पडदे. सासरे तिच्या दारात असे उभे होते, जणू आताच पाया खणून वर आणली आहे. त्यांनी ना मला विचारलं होतं, ना बायकोला.

“हे काय आणलंत?” सासूबाई म्हणाल्या.

“तुझ्या ताईकडे जायचं आहे ना? जेवणाचीच अडचण आहे ना? मग चूल बरोबर नेऊ.”

लग्न होऊन मी या घरात आले त्याला किती वर्षं झाली, पण इतकं प्रेमाचं बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाईंनी पडद्याला हात लावून पाहिलं, म्हणाल्या, “हे धुवायला लागतील,” आणि आत गेल्या. नंतर स्वयंपाकघरात त्या नाक पुसत होत्या. मी कांद्याचं निमित्त त्यांच्यासाठी तयार ठेवलं होतं, पण त्यांनी ते मागितलं नाही.

ओढायला बेकरीच्या मालकाची मोठी गाडी मिळाली, चालवणार मी. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. ताईसाठी विणलेला स्वेटर सगळ्यात खाली गेला. घोडं अडलं ते शेगडीपाशी.

चूल म्हणजे कॅरव्हॅनमधली गॅसची शेगडी, खाली छोटा ओव्हन असलेली. वर्षानुवर्षं रस्त्यावरचे हादरे खाऊन तिचा सांधा न् सांधा खिळखिळा झाला होता. हात लावला की अख्खी शेगडी डुलायची. वरच्या जाळ्या खडखडायच्या, बटणं बोटात निघून यायची, आणि ओव्हनचं दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं. गॅसवाला आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “नळी मी नवी घालून देतो, काकू. पण शेगडी जागेवर हलतेय. चालत्या गाडीत ती अशी नाचली तर नळीचा सांधा सैल होणार. आधी तिला पक्की बसवा, मग मी गॅस जोडतो. तोवर सिलिंडर इथे ठेवतसुद्धा नाही.”

“पक्की बसवणं माझ्याकडे लागलं,” सासरे म्हणाले.

आणि त्यांनी मनापासून बसवली, हे मान्य करायलाच हवं. आधी जाळ्या, बर्नरच्या टोप्या, तवे सगळं काढून घासायला मला दिलं. शेगडी फळीला जिथे स्क्रूने धरली होती तिथली भोकं झिजून मोठी झाली होती, स्क्रू नुसते गरागरा फिरत. त्यांनी भोकांत गोंद लावून लाकडाच्या बारीक चिपा ठोकल्या, ते वाळू दिलं आणि मग नवे स्क्रू पिळले. प्रत्येक स्क्रूखाली वॉशर. बटणांच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या चिमट्याने जरा दाबून घट्ट केल्या. दाराची बिजागरी नवी घातली. मग आपली पाणसळ आणून शेगडीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. ते हसले. अशा बुडबुड्यांना त्यांनी जन्मभर वठणीवर आणलं होतं. शेगडीच्या एका अंगाला लाकडाच्या पातळ चकत्या सारत सारत त्यांनी बुडबुडा मधोमध आणला, दारही त्याच मापाने बसवलं आणि सगळं पिळून टाकलं.

मग आम्हाला बोलावणं आलं. शेगडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला होता. एक थेंब सांडत नव्हता.

“बघून घ्या,” सासरे म्हणाले. आम्ही बघून घेतलं. शेजारच्या शिंप्यालाही बोलावून दाखवलं. तो बिचारा “वा, वा” म्हणाला आणि पेल्यातलं पाणी पिऊन गेला.

गॅसवाल्याला बोलावण्याआधी एक फेरी मारून बघू, असं ठरलं. रविवारी धान्याच्या गोदामासमोरचं मैदान रिकामं असतं, सिमेंटचं, हाताच्या तळव्यासारखं सपाट. मी गाडी तिथे नेऊन उभी केली. गॅस नव्हताच, पण सासूबाईंना हात चालवून बघायचा होता. त्यांनी तवा ठेवला आणि त्यावर एक अंडं फोडलं. अंडं तव्याच्या मधोमध पडलं, क्षणभर थांबलं आणि सावकाश चालत एका कडेला गेलं. दुसरं फोडलं, तेही पहिल्याच्या मागे. तेवढ्यात ओव्हनचं दार आपणहून उघडलं आणि सासऱ्यांच्या नडगीवर आपटलं.

मला हसू आवरलं नाही. आवरायला हवं होतं, पण ते अंडं बघितलं असतं तर तुम्हीही हसला असता.

“जमीन उतरती आहे,” सासरे नडगी चोळत म्हणाले. खाली उतरले आणि पाणसळ सिमेंटवर ठेवली. बुडबुडा मधोमध. चार पावलं जाऊन पुन्हा ठेवली. मधोमध. मग गाडीत येऊन शेगडीवर ठेवली. बुडबुडा पळाला. ते त्या पट्टीकडे असे बघत राहिले की माझं हसू घशातच विरलं.

घरी आलो तेव्हा मला उलगडा झाला. आमचं अंगण गटाराच्या बाजूला उतरतं आहे, पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून. गाडी तिथे तिरकी उभी होती आणि तिरक्या गाडीत त्यांनी शेगडी पृथ्वीच्या मापाने सरळ केली होती. आमच्या अंगणात ती अचूकच होती, बाहेर कुठेही गेली की वाकडी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्याकडे नाचणारा पट्टीचा होता आणि अंगण खरंच वाकडं होतं. चूक तशी गवंड्यालाच शोभणारी. त्यांनी बांधलेली एकही भिंत आजवर उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेली नव्हती.

पण हे त्यांना सांगणार कोण? तोंड पाडून बसले. पाणसळ उशाशी नव्हती, पलंगाखाली ढकलली होती. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “ती गाडीच भंगार आहे. विकून टाकू.”

जेवण झाल्यावर सासूबाईंनी पिशवी पलंगावर घेतली आणि एकेक वस्तू काढून कपाटात ठेवली. स्वेटर शेवटी निघाला. त्याची घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली आणि तो वरच्या फळीवर, हात पोचत नाही तिथे सारला.

माझं डोकंच फिरलं. मी बाहेर जाऊन म्हटलं, “बाबा, शेगडी वाकडी नाही, तुमचं नाक वाकडं झालंय. एक चूक झाली तर अख्खी गाडी भंगार? आणि आईंनी काय करायचं, जन्मभर फोनवर ओरडत बसायचं?”

“तू आपला ब्रेड वाट,” ते म्हणाले आणि कूस बदलली.

त्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते. कॅरव्हॅनमधून करकर आवाज यायला लागला. सासरे ओसरीवर आडवे होते, त्यांनी डोळे उघडले. पुन्हा करकर. स्क्रूच्या खाचेतून पेचकस घसरल्याचा तो आवाज, माझ्याही दाताला कळ आली. त्यांनी उशी कानावर घेतली, पण अशा माणसाला उशी किती पुरणार?

“खाच मोडतेय ती!” म्हणत ते अनवाणीच धावले. मी कपड्यांची बादली घेऊन खिडकीजवळच्या दोरीकडे सरकले. तिथे ऊन नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं.

“अगं, उलटा फिरवतेस.”

“मग सुलटा तुम्ही फिरवा.”

“फिरवीन. पण पुन्हा वाकडीच बसेल.”

“कशाच्या मानाने वाकडी?” सासूबाई म्हणाल्या. “अहो, तुम्ही मला ज्या खोल्यांत ठेवलंत, त्यातल्या एकीची तरी जमीन सपाट होती का? तिथे मी चूल मांडायचे ती काय पाणसळ लावून? ओट्याला धरून मांडायचे. ओटा जसा तशी चूल. दोन्हींवर भांडं सारखं बसलं की झालं.”

पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सासरे म्हणाले, “तू कधी बोलली नाहीस.”

“काय?”

“की खोलीची जमीन सपाट नव्हती.”

“तुम्ही दिवसभर लोकांच्या जमिनी सपाट करून यायचात. हातांची सालं निघालेली असायची. घरी आल्यावर पुन्हा तेच काम सांगू?”

मी ओली चादर हातात घेऊन तशीच उभी राहिले. आत जे चाललं होतं त्यात माझं काही काम नव्हतं, आणि तिथून हलणंही मला जमत नव्हतं.

“पकड हे ताट,” थोड्या वेळाने सासऱ्यांचा आवाज आला, पण बदललेला, कामावरचा. खिडकीतून दिसलं, सासूबाईंनी स्टीलचं पसरट ताट अर्धं गाडीतल्या ओट्यावर आणि अर्धं शेगडीवर ठेवलं. ते डुगडुगलं, टकटक वाजलं. सासऱ्यांनी एक चकती काढली. टकटक. दुसरी काढली. “अजून,” सासूबाई म्हणाल्या. “अजून जरा. हं, आता पुढून बघा.” ताट सगळीकडून फिरवून झालं आणि आवाज थांबला, तेव्हा सासऱ्यांनी स्क्रू पिळले. दाराचं मापही या खेपेला शेगडीवरून घेतलं आणि त्याला एक जाड खिटी लावली. जाळ्यांच्या खाली घालायला सासूबाईंनी जुन्या टॉवेलच्या पट्ट्या केल्या, गाडी चालताना खडखडू नयेत म्हणून. “शेगडी पेटवायच्या आधी ते काढायचं,” सासऱ्यांनी बजावलं. त्या म्हणाल्या, “मी काय टॉवेल शिजवणार आहे?”

बाहेर आल्यावर सासरे मला म्हणाले, “सूनबाई, मी विचार केला. आत सगळं ओट्याच्या मापाने ठेवायचं. मग गाडी जिथे उभी राहील तिथे चाकाखाली फळी घालून अख्खी गाडीच सरळ करायची.” जणू रात्रंदिवस डोकं चालवून त्यांनीच शोध लावला होता. मी म्हटलं, “वा, बाबा!” आत सासूबाई खोकल्या. तो खोकला नव्हता.

गॅसवाल्याने शेगडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. ती हलली नाही, तोच हलला. नळी जोडून त्याने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला आणि आम्ही चौघं त्या फेसावर डोळे लावून बसलो. एकही फुगा आला नाही. “जा आता कुठे जायचं तिथे,” तो म्हणाला. स्वेटर खाली काढायला सासूबाईंना खुर्ची लागली. ती सासऱ्यांनी धरली.

प्रवास कसा झाला म्हणाल तर मजेत. सासूबाईंची खायची वेळ झाली की मी एखादी सावली बघून थांबायचे. सासरे फळ्या घेऊन उतरायचे, पाणसळ लावायचे आणि मला “पुढे, पुढे, बास!” असं ओरडायचे. गाडी सरळ झाली की सासूबाई वर चढून मूठभर भात नाहीतर भाजीचं सूप शिजवायच्या. गरम खायच्या, भांडं पुसायच्या, मी पुन्हा निघायचे. शेगडीचा आवाज म्हणून आला नाही. एकदा काहीतरी खडखडलं तेव्हा सासऱ्यांचा चेहराच उतरला, पण तो नुसता डब्यातला चमचा निघाला. सासूबाईंच्या पोटाने एकदाही तक्रार केली नाही. गाडीत पुढे आम्ही तिघं शेजारी बसत असू आणि सासूबाई रस्त्यावरच्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचत.

ताईचं घर चढावर होतं. ती फाटकाशी खुर्ची टाकून बसली होती, कधीपासून कोण जाणे. सासूबाई उतरून जवळ गेल्या. मला वाटलं होतं, दोघी गळ्यात पडून रडतील. ताईने त्यांचं मनगट धरलं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाली, “किती वाळलीस गं, चिमे!” सासूबाईंना चिमी म्हणणारं कुणी आहे हे मला तेव्हाच कळलं.

मग ताई ओशाळली. “तुझ्यासाठी काही केलं नाही गं मी. तुला काय चालतं, काय बाधतं, भीतीच वाटली.”

“तू कशाला करतेस? मी चूल घेऊन आलेय. तुलाही मीच वाढणार आज.”

ताईला गाडीची पायरी चढवेना. शेगडीच्या वर एक खिडकी आहे. मी तिची खुर्ची चढाच्या बाजूने, खिडकीच्या बरोबरीला मांडली, सासूबाईंनी आतून काच सरकवली आणि सूप ठेवलं. अशा दोघी बोलायला लागल्या, एक आत, एक बाहेर, मध्ये वाफ. एवढ्या जवळून ताईला सगळं ऐकू येत होतं, ओरडावं लागत नव्हतं. कुणाचं काय झालं, कोण गेलं, परसातलं झाड अजून आहे का, असलं साधंच बोलणं. सासरे फळी हातात घेऊन थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, “चल, आपण जरा गाव बघून येऊ.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

आम्ही निघालोच होतो, तेवढ्यात ताईने खिडकीतून हात घालून चमचाभर सूप चाखलं.

“मीठ कुठे आहे यात?”

आमच्या घरात सासूबाईंच्या हातच्या मिठाबद्दल बोलायची कुणाची छाती नाही, सासऱ्यांची तर नाहीच. मी जागीच थांबले.

“विसरले गं, ताई,” सासूबाई म्हणाल्या.

“कायमची वेंधळी. लक्ष कुठे असतं तुझं? घाल थोडं. एवढं नको, कमी कर. हं.”

सासूबाईंनी मान खाली घालून मीठ घातलं, थोडं परत डब्यात टाकलं. त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांना रागावू शकेल असं एकच माणूस आता या जगात उरलं आहे, आणि त्या त्याच्यापर्यंत वेळेत पोचल्या होत्या.

“आता झाकण ठेव,” ताई म्हणाली, आणि त्यांनी ठेवलं.